‘डोक्याला लावून घेऊ नका’ म्हणण्यापूर्वी लघवी तपासा

मा. संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर मागील पंधरवड्यात उच्च रक्तदाबावर जो लेख प्रसिद्ध झाला, तो आमच्या घरी मोठ्याने वाचला गेला, कारण या विषयाचे एक जुने गिऱ्हाईक आमच्या घरातच आहे. मीठ कमी करावे, रोज चालावे, तंबाखू सोडावी हा त्या लेखातील सल्ला योग्यच आहे. परंतु बहुतेकांचा रक्तदाब मनातून वाढतो आणि चिंता सोडली की तो आपोआप उतरतो, अशा अर्थाचे जे वाक्य चौकटीत ठळक छापले होते, त्याबद्दल चार शब्द लिहिणे मला भाग आहे. याच समजुतीने आमच्या घरची तीन वर्षे खाल्ली आहेत.

माझा धाकटा भाऊ निपाणी भागात राहतो आणि एका तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहीत असे. वयाच्या 34व्या वर्षी सहज मोजून घेतलेला त्याचा रक्तदाब 170/110 निघाला. ज्यांनी तो मोजला त्यांनी एक गोळी लिहून दिली, पाठीवर हात ठेवला आणि ‘डोक्याला लय लावून घेऊ नका’ असे सांगून त्याला घरी पाठवले. वखारीचा हिशेब, मुलीची शाळा, उसाचे अडकलेले बिल अशी कारणे समोर हात जोडून उभी असताना हा निष्कर्ष कुणालाही पटला असता, आम्हालाही पटला. घरातल्या वडीलधाऱ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येकाने ‘उगीच प्रेशर चढवून घेतोस बघ’ म्हणून त्याला सुनावले आणि तोही बिचारा आपल्यालाच मन आवरत नाही या समजुतीने ओशाळून वावरू लागला. सकाळी त्याच्या पापण्या सुजलेल्या दिसत, लघवीला साबणाच्या पाण्यासारखा फेस येई; हे कुणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. लघवीची आणि रक्ताची साधी तपासणी झाली ती तीन वर्षांनी, आणि तोवर क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, सातच्या घरात गेले होते, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. आज तो आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेतो.

मी डॉक्टर नाही. मराठी माध्यमाच्या हायस्कुलात तीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालेला शिक्षक आहे. भावाच्या दुखण्याने मला या विषयावरचे वाचन करायला लावले आणि त्यात एक गंमत हाती लागली. लोक म्हणतात तसा त्याचा रक्तदाब खरोखरच ‘डोक्यातून’ चढत होता; फक्त ज्या डोक्याला सगळे बोल लावत होते, त्या डोक्यातून नव्हे.

मेंदूचा जो भाग विचार करतो, काळजी करतो, उसाच्या बिलाचा हिशेब मांडतो, तो वरचा मोठा भाग. त्याच्या तळाशी, मानेकडे उतरणारा अंगठ्याएवढा जाड देठ म्हणजे मस्तिष्कस्तंभ, आणि त्याचे सर्वांत खालचे टोक म्हणजे आम्ही वर्गात शिकवत असू ते मस्तिष्कपुच्छ. श्वास, हृदयाचे ठोके, खोकला, शिंक, गिळणे ही कामे इथून चालतात. रक्तदाबाची क्षणाक्षणाची राखणही इथेच होते. वर्गात मी एखाद्या मुलाला बाकावर आडवे पडायला लावून त्याची नाडी मोजत असे आणि मग त्याला झटकन उभे करून पुन्हा मोजत असे. उभे राहताच रक्त पायांकडे ओघळते, तरी पोराला घेरी येत नाही, फक्त नाडी जलद होते. मानेतल्या मोठ्या रोहिणीत (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीत) आणि हृदयाजवळच्या महारोहिणीच्या कमानीत दाब ओळखणाऱ्या चेतांची, म्हणजे संदेश नेणाऱ्या तंतूंची, टोके आहेत; दाब किंचित घसरला की त्यांची वर्दी नवव्या आणि दहाव्या कर्परचेतांमधून, म्हणजे थेट मेंदूला जोडलेल्या चेतांमधून, मस्तिष्कपुच्छात पोचते आणि तिथल्या चेतापेशी अनुकंपी चेतासंस्थेला, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या आणि हृदयाला टाच मारणाऱ्या यंत्रणेला, हुकूम सोडतात. हे सारे दोन-चार ठोक्यांत उरकते. त्या पोराला यातले काही ठाऊक नसते, आणि ठाऊक असते तरी त्याला त्यात हात घालता आला नसता.

मस्तिष्कपुच्छाच्या वरच्या टोकाला, पोटाकडच्या म्हणजे पुढच्या बाजूला, दोन्ही अंगांना चेतापेशींचा एक छोटासा पुंजका आहे. अंगातल्या सगळ्या रक्तवाहिन्या किती ताणून धरायच्या हे प्रामुख्याने हा पुंजका ठरवतो. त्याला आवरून धरणारा दुसरा पुंजका त्याच्या खालीच असतो. एक लगाम सोडतो, दुसरा खेचतो, आणि या ओढाताणीतून जो आकडा उरतो तो आपण दंडाला पट्टा बांधून वाचतो.

आता मूत्रपिंडाकडे येऊ. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून पाव किलोच्या थोडे वर भरते, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. इतके रक्त ज्याला लागते, त्याला ते कमी पडले तर तो गप्प बसणार नाही हे ओघाने आले. मूत्रपिंडाची तक्रार रक्तातून जाते हे आधी कळले. 1898मध्ये स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा रक्तदाब चढला; त्या पदार्थाला त्यांनी रेनिन असे नाव दिले. पुढे 1934मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या रोहिणीवर चांदीचा छोटा चिमटा बसवून ती अरुंद केली, आणि त्या जनावराचा रक्तदाब चढला तो चढलाच राहिला. आज आपल्याला माहीत आहे की रेनिनपासून टप्प्याटप्प्याने अँजिओटेन्सिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते रक्तवाहिन्या आवळते. मूत्रपिंडाला जाणाऱ्या चेता तोडल्या तरी चिमट्याचा परिणाम थांबत नाही असे त्या काळच्या प्रयोगांत दिसले, तेव्हा हा सारा मामला रक्तातला आहे, मेंदूचा यात संबंध नाही, असे बराच काळ धरून चालण्यात आले. त्या वेळच्या पुराव्यावर ते चुकीचे नव्हते.

त्या समजुतीला धक्का दिला तो 1961मध्ये बिकर्टन आणि बकली या दोघांच्या एका विलक्षण, आणि खरे सांगायचे तर वाचतानाही अंगावर काटा आणणाऱ्या प्रयोगाने. त्यांनी एका कुत्र्याच्या डोक्याला दुसऱ्या कुत्र्याचे रक्त पुरवले. पहिल्याचे डोके आणि धड यांच्यात फक्त चेतांचे नाते ठेवले. मग डोक्याकडे जाणाऱ्या रक्तात अँजिओटेन्सिन सोडले. ते धडापर्यंत पोचण्याची वाटच नव्हती, तरी धडातला रक्तदाब चढला. याचा अर्थ असा की मूत्रपिंडाच्या चिथावणीने तयार होणारे हे द्रव्य नुसत्या रक्तवाहिन्या आवळून थांबत नाही, ते मेंदूलाही पढवते. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये जो पहारा असतो, तो मस्तिष्कपुच्छाच्या मागील बाजूच्या एका इवल्याशा ठिकाणी आणि मेंदूतल्या आणखी काही मोजक्या जागी जवळपास नसतोच. तिथून अँजिओटेन्सिनला आत शिरकाव मिळतो. पुढे उंदरांवर गोल्डब्लाटच्या धर्तीचा चिमटा लावून झालेल्या प्रयोगांत असेही दिसले, की मी वर सांगितलेल्या त्या वरच्या पुंजक्यात अँजिओटेन्सिनला अडवणारे औषध थेट टोचले, तर चिमटा जागच्या जागी असूनही रक्तदाब खाली येतो.

तक्रारीची दुसरी वाट चेतांची आहे. मूत्रपिंडातून वर जाणाऱ्या चेता असतात, आणि मूत्रपिंड दुखावले, त्याला रक्त अपुरे पडले, की त्या सतत कुरकुरत राहतात. ही कुरकुर पाठीच्या कण्यातून मेंदूच्या तळाशी पोचते आणि अनुकंपी यंत्रणा दिवसरात्र ताणलेली राहते. याचा माणसातला पुरावा 1992मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाला. डायलिसिसवरील रुग्णांच्या पायातल्या चेतेत केसासारखी सुई घालून अनुकंपी संदेश प्रत्यक्ष मोजण्यात आले. निकामी मूत्रपिंडे ज्यांच्या पोटात तशीच होती, त्यांच्यात हे संदेश निरोगी माणसाच्या सुमारे अडीच पट निघाले. ज्यांची दोन्ही मूत्रपिंडे शस्त्रक्रियेने काढून टाकली होती, त्यांच्यात मात्र ते जवळपास निरोगी माणसाइतकेच होते. दोन्ही गटांचे रक्त तेच डायलिसिसचे यंत्र धूत होते. फरक एवढाच की एका गटाच्या पोटात तक्रारदार शिल्लक होता.

आपल्याकडच्या वाचकांना हे हिडकल धरणाच्या कालव्यावरून चटकन कळेल. एखाद्याची पोटचारी गाळाने बुजली आहे. त्याच्या रानात पाणी येत नाही, म्हणून तो धरणावर तक्रार करतो. तिथे बसलेल्याला पोटचारी दिसत नाही, फक्त तक्रार ऐकू येते. तो दरवाजे आणखी उचलतो. कालवा काठोकाठ भरतो, जिथे पाणी नको तिथे फुटतो, आणि बुजलेल्या चारीत ठिपका पडतो तो तेवढाच. तक्रार पुन्हा जाते. इथे आणखी एक वाईट गोष्ट अशी, की धरणावरून सुटलेला हुकूम उलट मूत्रपिंडालाच येऊन बसतो: अनुकंपी चेता त्याला आणखी रेनिन सोडायला लावतात, मीठ धरून ठेवायला लावतात आणि त्याच्या रोहिण्या अधिकच आवळतात. दाब राखणाऱ्या मानेतल्या चेतांनी खरे तर हा अतिरेक थांबवायला हवा, पण दाब महिनोन्महिने चढा राहिला की त्या चढ्या आकड्यालाच ठीक मानू लागतात. पहारेकरीच सरावला, मग बोंब कोण मारणार?

मीठ आणि पाणी साचणे हे किडनीच्या रुग्णाच्या रक्तदाबाचे मोठे कारण आहेच. ते मी नाकारत नाही. भावाचे दोन डायलिसिसमध्ये वजन तीन किलोने वाढले की आकडा वर जातो, हे मी वहीत लिहून ठेवले आहे. पण वजन अगदी नेमके उतरवून आणल्यावरही त्याचा दाब 160च्या खाली येत नाही असे दिवस त्या वहीत कमी नाहीत, आणि अशा दिवशी ‘चोरून पाणी प्यालास काय रे?’ म्हणून त्याच्यावर डोळे वटारणे हा त्याच्यावर अन्याय आहे, हे समजायला मला फार उशीर लागला.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहावेसे वाटले तो सांगतो. भावाला इतर गोळ्यांबरोबर क्लोनिडिन नावाची एक छोटी गोळी दिवसातून तीन वेळा आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत हे औषध सर्दीवरचे नाकातले थेंब म्हणून करून पाहिले गेले आणि ज्यांना दिले त्यांची नाडी मंदावली, रक्तदाब उतरला, झोप आली. तेव्हा ते रक्तदाबाकडे वळले. ते मस्तिष्कपुच्छातल्या याच चेतापेशींना आवर घालते, त्यामुळे भावासारख्या रुग्णाला त्याचा उपयोग होतो. त्याने तोंडाला कोरड पडते, आणि ज्याला दिवसभरात मोजून पाणी प्यायचे आहे त्याला ही कोरड म्हणजे शिक्षाच असते. भाऊ बर्फाचा खडा चघळत बसतो. तर गेल्या वर्षी आम्ही सगळे सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलो. निघण्याच्या आदल्या दिवशी या गोळीची पट्टी संपली होती. ‘एवढ्या डझनभर गोळ्यांत एक दोन दिवस नसली म्हणून काय होतंय’ असे म्हणून आम्ही पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे डोके फुटेल असे दुखू लागले, छाती धडधडू लागली, हाताला घाम सुटला. यंत्रात आकडा 230/130 होता. गर्दी, ऊन, दगदग अशी कारणे लोकांनी सांगितली. एका बाईने परडी भरायची राहिली असेल असेही सुचवले. खरे कारण रात्री उशिरा, गोळी पोटात गेल्यावर, एका तरुण डॉक्टरने सांगितले. हे औषध एकाएकी थांबवले की इतके दिवस दाबून धरलेला तो पुंजका उसळी मारून उठतो आणि रक्तदाब पूर्वी होता त्याहूनही वर जातो. ते बंद करायचेच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत आणावे लागते.

ही एक ओळ आम्हाला वर्षभरात कुणी सांगितली नव्हती. घरी पाठवतानाचा कागद इंग्रजीत होता, भिंतीवरच्या सूचना कन्नडमध्ये होत्या, आणि आमच्या घरात पाचजण शिकलेले असूनही त्या कागदावरचे बारीक अक्षर कुणी लावले नाही, यात आमचाही दोष आहेच. मला इथे भाषेचा वाद उकरायचा नाही. तो ज्या ठिकाणी चालायचा त्या ठिकाणी चालू आहे. पण खानापूरच्या जंगलातल्या गावातून लाल बसने डायलिसिसला येणाऱ्या म्हातारीच्या औषधाच्या पाकिटावर ‘ही गोळी अचानक बंद करू नये’ एवढे सहा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये शिक्का मारून छापता येतात. त्याला कुठल्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

याच पानावर अधूनमधून ‘रक्तदाबावर कायमचा इलाज’ अशी बातमीही येते, तिच्याबद्दलही थोडे लिहितो. मांडीतल्या रोहिणीतून बारीक नळी सरकवून मूत्रपिंडाच्या रोहिणीभोवतीच्या चेता तापवून निकामी करायच्या, अशी ही प्रक्रिया आहे. सुरुवातीला तिचे फार कौतुक झाले. मग 2014मध्ये एका मोठ्या चाचणीत, काही रुग्णांवर फक्त प्रक्रियेचे सोंग करून तुलना केली, तेव्हा खऱ्यात आणि सोंगात म्हणावा असा फरक दिसला नाही. नंतर सुधारलेल्या साधनांनी झालेल्या चाचण्यांत दाब थोडाफार उतरला आणि 2023मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. मूत्रपिंड आणि मेंदू यांच्यातली तार तोडली तर दाब उतरतो हे त्यातून दिसते; गोळ्या सुटतात असे मात्र त्यातून दिसत नाही. त्या चाचण्यांत भावासारखे मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेले रुग्ण बहुतांशी घेतलेलेही नव्हते. शेती विकून परगावी धावण्यापूर्वी वाचकांना हे माहीत असावे.

आपल्या आरोग्य पानाकडून माझी अपेक्षा फार नाही. तिशी-चाळिशीतल्या माणसाचा रक्तदाब 140/90च्या वर सापडला, तर मनःशांतीचा उपदेश करण्याआधी लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनीन तपासायला सांगावे. या दोन तपासण्यांना फार खर्च येत नाही. तरुण मुलीचा किंवा सुनेचा रक्तदाब वाढलेला असेल तर दोन्ही हातांना पट्टा बांधून पाहावा, कारण मोठ्या रोहिण्यांच्या दाहाचा जो आजार आपल्या देशात तरुण स्त्रियांमध्ये आढळतो, त्यात मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद होऊ शकते आणि एका हाताची नाडी इतकी क्षीण असू शकते की त्या हातावरचा आकडा चक्क खोटे बोलतो. विड्या वळून वळून पाठ धरलेल्या निपाणीच्या बायका आणि हंगामातले ऊसतोड मजूर दुखण्यावर मनाने गोळ्या घेतात, त्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंड बिघडते आणि रक्तदाबही चढतो, हेही एकदा ठळक चौकटीत यावे. आणि ज्याला किडनीचा आजार आहे त्याचा रक्तदाब वाढला, म्हणजे त्याने मनाला लावून घेतले असे कृपया छापू नये. तो पुंजका कुणाचे ऐकत नाही. मूत्रपिंडाचे तेवढे ऐकतो.

भाऊ आता ती छोटी गोळी दोन ठिकाणी ठेवतो, एक पट्टी सदऱ्याच्या खिशात आणि एक डायलिसिसच्या फाइलीत. आपल्या लेखातली ती चौकटही त्याने कापून त्याच फाइलीत लावली आहे. दुरुस्ती छापली गेली तर तिचे कात्रण शेजारी लावायला जागा ठेवली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव